मेहुण्याचं पिस्तूल

रविराजच्या जिवाला धोका आहे, हे रविराज सोडून कुणालाच माहीत नव्हतं. पण परवान्याच्या अर्जात धोका लिहावा लागतो, म्हणून त्यानं तो लिहिला आणि दीड वर्ष हेलपाटे घातल्यावर सरकारलाही तो पटला. धोका कागदोपत्री पक्का झाला. आता फक्त पिस्तूल यायचं बाकी होतं.

ते आज येणार होतं. खंडेनवमी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, असा मुहूर्त पंचवटीतल्या गुरुजींनी काढून दिला होता. गुरुजींना आधी वाटलं, नेहमीसारखी गाडी असेल. पिस्तूल म्हटल्यावर त्यांनी वेळ तीच ठेवली, दक्षिणा तेवढी वाढवली. मुहूर्ताशिवाय रविराज चपलासुद्धा घेत नसे. दोन वर्षांपूर्वीच्या गाडीच्या बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक त्यानं अजून धुऊ दिलेलं नव्हतं. गाडी धुताना तेवढ्या जागेला वळसा घालायचा असा घरचा नियम होता, आणि वळसा घालायचं काम अर्थातच त्याच्या बायकोकडे, मोहिनीकडे होतं.

मोहिनी या वेळी सातपूरला, धाकट्या दिराच्या वर्कशॉपमध्ये, झेंडूचे हार ओवत बसली होती. मखमलाबादच्या मळ्यातून सासऱ्यांनी पहाटेच सहा क्रेट झेंडू आणून टाकला होता. घरचं फूल, त्यामुळे हात आखडायचा प्रश्न नव्हता. ज्ञानेशच्या तिन्ही लेथ मशिनी मांडवात बसवल्यासारख्या सजल्या होत्या. खंडेनवमीला सगळं घर इथं जमायचं, मशिनींची आणि हत्यारांची पूजा व्हायची, आणि जेवून लोक वर्षभर पुरतील एवढे रुसवे घेऊन घरी जायचे.

समोर ज्ञानेशची बायको प्रतिभा पूजेची ताटं लावत होती. दोघी जावांचं गौरीपासून बोलणं बंद होतं. कारण पुरण. कुणाच्या पुरणात वेलची जास्त झाली यावरून सुरू झालेलं भांडण आता अशा थराला गेलं होतं, की वेलचीचा त्यात काही संबंध उरला नव्हता.

"अण्णांना सांगा कुणीतरी, चहा झालाय," प्रतिभा लेथ मशिनीकडे बघून म्हणाली.

"अण्णा ऐकताहेत," मोहिनीनं झेंडूला सांगितलं.

सासरे भिमाजी, म्हणजे अण्णा, दाराशी स्टुलावर बसले होते. त्यांनी कप घेतला आणि रविराजला विचारलं, "गुरवारी मोजणीला नाथा पण यायचा आसल ना?"

"त्याचीच तर मोजणी आहे. येणार नाही तर काय!" रविराज म्हणाला.



नाथा हे अण्णांचे धाकटे भाऊ. झेंडूच्या मळ्याकडे जाणारा रस्ता दोघांच्या बांधावरून होता. नाथाकाकांनी उन्हाळ्यात त्यावर तारेचं कुंपण घातलं, आणि पोळ्याच्या दिवशी, बैलांना ओवाळून झाल्यावर, रविराज पहार घेऊन कुंपण उपटायला गेला. नाथाकाका आडवे आले. सत्तरीचा, गुडघे गेलेला माणूस. रविराजनं पहार फिरवली, ती काकांच्या कानाजवळून गेली आणि मागची पाण्याची टाकी फुटली. ज्ञानेशनं मिठी मारून त्याला धरलं म्हणून दुसरा घाव झाला नाही. घरी आल्यावर रविराज म्हणाला, मी नुसतं घाबरवणार होतो. मोहिनी तिथं उभी होती. तिनं त्याचे डोळे बघितले होते. याच काकांनी रविराजला लहानपणी खांद्यावर बसवून गोदाघाटावरची जत्रा दाखवली होती, हे तो स्वतःच दिवाळीत दोन घास जास्त झाले की सांगायचा. पहार होती म्हणून नेम चुकला, एवढंच. येत्या गुरुवारी त्या बांधाची सरकारी मोजणी होती, आणि रविराज कमरेला पिस्तूल लावून जाणार होता.

त्यात पिस्तूल तिच्या वारलेल्या वडिलांचं, आणि विकणारा कोण, तर तिचाच भाऊ. पिस्तूल चांगलं निघालं तर नवरा तुरुंगात जाणार. वाईट निघालं तर भाऊ लबाड ठरणार, आणि ते तिला जन्मभर जेवताना ऐकावं लागणार. माहेर आणि सासर एकदमच हातचं जाण्याची अशी सोय फार कमी बायकांच्या नशिबी येते.

साडेदहाच्या सुमारास योगेश आला. चांदवडला त्याचा कांद्याचा व्यापार होता, आणि बोलण्यात कांद्याच्या लिलावाचा जोर होता. त्यानं हातातली जेवणाच्या डब्याची पिशवी टेबलावर ठेवली, तिच्यातून डब्याऐवजी फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल काढलं, वरची स्लाइड ओढून आतून रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

"दाजी, वस्तू बघा. एकदम घरगुती. बाहेर काढलीच नाय कधी."

"सेकंडहँड माल विकणारे सगळे हेच म्हणतात," रविराज म्हणाला. पण हात पुसून त्यानं ते असं घेतलं, की मोहिनीला तिच्या मुलीचं बारसं आठवलं. मुलीला त्यानं इतक्या जपून घेतलं नव्हतं.

"मग विकतोस कशाला?" ज्ञानेशनं विचारलं.

"इलेक्शन आली की ठाण्यात जमा करा, इलेक्शन गेली की सोडवून आणा. इलेक्शन संपतात का आपल्याकडं? वर्षातले सहा महिने वस्तू ठाण्यात, सहा महिने कपाटात. मला तर ओळखत पण नसंल आता." योगेश हसला. "परवानगीचा कागद तर आलेलाच हाय. परवा दोघं जाऊन दाजींच्या नावावर चढवून टाकू."

ज्ञानेशनं सोमवारीच पितळेच्या पाच खोट्या गोळ्या लेथवर काढून ठेवल्या होत्या. आकार, वजन बरोबर. आत बारूद नाही. माणूस गप्प, पण काम चोख. त्यानं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची लांबट डबी, काढलं, पाचही गोळ्या दाबून बसवल्या, ते मुठीत सरकवलं, पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे केलं आणि वरची स्लाइड मागे ओढून सोडली.

स्लाइड अर्ध्यात थांबली. गोळी वाकडं तोंड करून मध्येच अडकली होती.

"परत बघा," योगेश म्हणाला.

ज्ञानेशनं परत बघितलं. दुसरी गोळी मॅगझिनमधून वर आलीच नाही. तिसरी आली ती नाक वर करून. पाचपैकी एकही सरळ आत गेली नाही.

"चांदवडपासून गाडीत हललीय ना," योगेश म्हणाला. "रस्ता कसा हाय बघितला ना तुम्ही?"

"पिस्तुलाला गाडी लागते का?" प्रतिभानं विचारलं. प्रश्न लेथ मशिनीला होता, पण मोहिनीला हसू आवरेना. गौरीपासून पहिल्यांदाच जावेचं बोलणं तिला आवडलं.

आणि हसता हसता तिला एकदम हलकं वाटलं. बिघडलेलं आहे! भाऊ लबाड ठरला तर ठरो. चार वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही घेताना त्यानं तिला पैठणी दिली होती, ती पण दुसऱ्या धुण्याला फिसकटली. त्याच्या मालाबद्दल तिला काही नवी आशा नव्हती.

"राहू दे," रविराजनं पिस्तूल टेबलावर ठेवलं. "चूक माझीच. घोडा म्हणून खेचर आणलंय यानं. योगेश, तुझी वस्तू घेऊन जा. मी कोरंच घेतो. परवाना आहे, पैसे आहेत. दुकानदार तर म्हणतो बुधवारी देतो. नव्याला ही भानगडच नाही. ओढलं की चाललं."

मोहिनीच्या हातातली सुई बोटात गेली.

नवं. बुधवारी. ओढलं की चाललं.

"अहो," ती उठली, "नवं कशाला? हे घरचं आहे. माझ्या तात्यांचं आहे."

योगेशनं बहिणीकडे आ वासून बघितलं. हक्कसोडपत्रानंतर ती त्याची बाजू घेईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसेल. पण व्यापारी माणूस. भाव वर जातोय म्हटल्यावर कारण कोण विचारतो?

"ताई बोलली बघा! तात्यांचा हात लागलेली वस्तू हाय, दाजी. पैशात मोजता येत नाय."

"तरी तू मोजलेस," रविराज म्हणाला.

"थांब दादा," ज्ञानेश मध्ये पडला. तो मॅगझिनच्या तोंडात डोळा लावून बघत होता. "पिस्तुलाला काही झालेलं नाही. मॅगझिनमध्ये काहीतरी आहे."

त्यानं मॅगझिनचं बूड सरकवलं, स्प्रिंग बाहेर काढली आणि कागदावर आपटली. पिवळा, चिकट गोळा पडला. त्यानं तो बोटानं दाबला, नाकाशी नेला.

"हळद," तो म्हणाला. "तेलात कालवलेली. हे कुंकू. आणि या..." त्यानं चिमट्यानं एकेक दाणा वेगळा केला. "अक्षता. वहिनी, तुमच्याकडे पिस्तुलाला जेवू घालायचे का?"

सगळे हसले. अण्णासुद्धा हसले.

"आई पूजा करते ना," योगेश ओशाळला. "दर खंडेनवमीला वस्तू देवापुढं ठेवायची, हळद-कुंकू, तिळाचं तेल. आता बाईमाणूस, वरून लावायचं तर आतपण लावलं असंल."

"वीस वर्षांचं साचलंय," ज्ञानेश म्हणाला. "तेल सुकून डिंक झालाय. स्प्रिंग वर ढकलणार कशी? रॉकेलनं धुतलं की संपला विषय."

मोहिनीला म्हणावंसं वाटलं, धुऊ नका. पण काय कारण सांगणार? ज्ञानेशनं रॉकेलच्या वाटीत सगळे भाग टाकले, ब्रश फिरवला, हवेच्या पाइपनं फुंकर मारली, कोरड्या फडक्यानं पुसलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. आईची वीस वर्षांची भक्ती काळ्या पाण्यात तरंगत राहिली.

खट्. पहिली गोळी आत. स्लाइड ओढली, ती बाहेर उडाली, दुसरी आत. खट्, खट्, खट्. पाचच्या पाच.

"वा रे माझ्या वाघा!" रविराजनं पिस्तूल हिसकून घेतलं. त्यानं ते आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखलं, मग दारावर. दाराशी अण्णा होते. रिकामं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळे एका बाजूला झुकले. ज्ञानेशनं पुढे होऊन त्याचा हात खाली दाबला.

"दादा, माणसावर धरायचं नसतं. रिकामं असलं तरी."

"अरे, नुसतं बघतोय."

"पहार पण तू नुसतीच उचलली होतीस," ज्ञानेश म्हणाला.

असं तोडून ज्ञानेश वर्षातून एकदा बोलायचा. रविराजचा चेहरा लाल झाला. "गुरुवारी बघू. त्या म्हाताऱ्याला कमरेला नुसतं दिसलं पाहिजे. नाही उलटं बोलला तर प्रश्नच नाही."

"आन् बोलला तर?" अण्णांनी विचारलं. "नाथा गप बसणारा माणूस नाय. तो बोलणारच. तुझा चुलता हाय तो."

"मग बघू म्हटलं ना!"

मोहिनी हारातली सुई तशीच टाकून बाहेर गेली. शेडच्या मागच्या बाजूला, पत्र्यांच्या तुकड्यांच्या ढिगाशी उभं राहून तिनं चांदवडला फोन लावला. आक्काबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. मुलीचा फोन कधी येईल याची त्या वाटच बघत असाव्यात.

"आई, पिस्तुलाच्या आत हळद तू भरलीस?"

"पूजा करते मी."

"पूजा वरून करतात, आई. त्याचं बूड उघडून आत कोण भरतं?"



"तुझे तात्या लय तापट व्हते," आक्काबाई म्हणाल्या. "आठवतं का, तू नववीत व्हतीस. बाजार समितीत तोलायवरून भांडण झालं आन् ते घरी आले, कपाट उघडलं आन् निघाले. मी पायाला धरलं तर लाथाडून गेले."

मोहिनीला आठवत होतं. तात्या तासाभरानं परत आले, तेव्हा त्यांच्या अंगातला सदरा घामानं भिजला होता. अंगणात मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. ओढलं, पण गोळी आत गेलीच नाही, खंडेरायानंच हात धरला माझा, म्हणाले. तेव्हापासून मरेपर्यंत ते दर वर्षी चंदनपुरीला खंडोबाला जायचे, आणि येताना आईसाठी भंडारा आणायचे.

"तात्या म्हणायचे, खंडेरायानं हात धरला."

"मग म्हणू द्यायचं," आक्काबाई म्हणाल्या. "भरलेलं पिस्तूल घरात ठेवायचं नाय, गोळी आधीच आत चढवून ठेवायची नाय, हा त्यांचाच नियम व्हता. म्हणजे चढवायची वेळ आली की आडकणार. मला तेवढंच पाहिजे व्हतं. दर साली घट्ट भरत गेले. योगेश गरीब हाय, त्याच्याकडं आल्यावर मी भरायचं सोडलं. पहिलं आपलं तसंच राहून गेलं."

"भाऊजींनी धुतलं सगळं," मोहिनी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "आता लख्ख चालतंय. गुरुवारी मोजणी आहे आई. मी काय करू?"

"जावई तापट हायेत ना?"

"आहेत."

"आन् आज खंडेनवमी हाय ना?"

"आहे."

"मग मला काय विचारतीस?" म्हणून आक्काबाईंनी फोन ठेवला. त्यांना बोलायला आवडायचं, पण समजावून सांगायचा कंटाळा होता.

मोहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. रविराज पिस्तूल कमरेला खोचून मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो काढायच्या खटपटीत होता.

"काढा ते," ती म्हणाली.

"का?"

"बिनपूजेचं शस्त्र खंडेनवमीच्या दिवशी अंगावर घेता? मुहूर्त कशाला काढला होता मग? गुरुजींना विचारा हवं तर."

रविराजनं ते चटका बसल्यासारखं चटकन काढलं. मुहूर्त टळायला चारच मिनिटं होती.

"कर, कर, लवकर कर! कशी करतात याची पूजा?"

"आमच्या घरची पद्धत आहे. शस्त्राची पूजा आतून करायची. वरवर केलेली पोचत नाही."

ज्ञानेश टेबलाशी बसला होता. त्यानं मान वर करून वहिनीकडे बघितलं. मग टेबलावरचं पिस्तूल घेतलं, मॅगझिन काढलं, त्याचं बूड सरकवलं आणि ते ताटात तिच्यापुढे ठेवलं.

"आता हे पुन्हा अडकलं तर?" रविराज म्हणाला.

"वीस वर्षं साचलं तेव्हा अडकलं, दादा," ज्ञानेश म्हणाला. "चिमूटभर हळदीनं काय होतंय?"

ज्ञानेश आयुष्यात खोटं बोलला नव्हता. पहिल्याच प्रयत्नाला त्याला बरं जमलं.

"रवी," अण्णा दारातून म्हणाले, "गाडीला हार घालायचा राह्यला. मुहूर्त चाललाय. चल, माझा हात काय तेवढ्या वर पुरत नाय."

रविराज धावला. योगेशही मागं गेला. सौदा झाल्यावर गिऱ्हाइकाला एकटं सोडायचं नाही, हे त्याच्या रक्तात होतं.

मोहिनीनं वाटीत हळद घेतली, तिळाचं तेल ओतलं, कुंकू टाकलं आणि घट्ट मळलं. अंगठ्यानं ती हळदीची एकेक गोळी मॅगझिनच्या आत दाबत गेली. तोंडानं खंडेरायाचं नाव घेत होती, आणि ते नाटक नव्हतं. इतक्या मनापासून तिनं कधी स्वतःच्या देव्हाऱ्यातली पूजा केली नव्हती. नाथाकाका जगू देत. याला तुरुंग नको. मला विधवेसारखं जिणं नको. एकेका मागण्याबरोबर एकेक बोट हळद. मूठभर अक्षता तिनं स्प्रिंगच्या वेढ्यात नीट कोंबल्या. ज्ञानेश दाराकडे पाठ करून उभा होता. बाहेरून कुणाला काही दिसणार नव्हतं.

तेवढ्यात तिच्या कोपराशी एक वाटी सरकली. प्रतिभा उभी होती. वाटीत नैवेद्याचा गूळ होता, उन्हानं पातळ झालेला.

"जाऊबाई," प्रतिभा म्हणाली, थेट तिच्याकडे बघून, "गूळ राहिला."

दोघींनी मिळून तो आत ओतला.

रविराज परत आला तेव्हा मॅगझिन बंद होतं, पिस्तूल ताटात होतं, वर झेंडूचं फूल होतं आणि उदबत्ती लागलेली होती. मुहूर्ताला अर्धं मिनिट बाकी होतं. त्यानं हात जोडले, पिस्तूल उचलून डोळ्यांना लावलं, मग तळहातावर तोललं.

"जरा जड लागतंय, नाही?"

"पूजा झालीय आता त्याची," मोहिनी म्हणाली. "आतली हळद धुवायची नाही. पुसायची नाही. उघडून बघायचं पण नाही. आमच्या तात्यांनी कधी बघितलं नाही."

"वेडी का काय! पूजेची हळद मी पुसेन?" रविराज दुखावला. "आणि परवा ऑफिसात?"

"तिथला कारकून नंबर बघतो, दाजी," योगेश म्हणाला. "पोट नाय बघत."

अण्णा आता दारातून आत आले. त्यांनी क्रेटमधली दोन फुलं उचलली. एक त्यांनी ताटात पिस्तुलाजवळ ठेवलं आणि दुसरं खाली वाकून, सासऱ्यानं सुनेच्या पायाशी ठेवू नये तरी, मोहिनीपुढे ठेवलं.

"पुढल्या साली पण तूच कर," ते म्हणाले.